आत्याबाईंचा हात

"आत्याबाई, झालं का दळण?"

बोटीतले आम्ही आठही जण एका सुरात ओरडलो. माझा आवाज सगळ्यांच्या वर, कारण देवानं गळा तसाच दिलाय. काठावरच्या अंधारात जात्याशी बसलेल्या राक्षसिणीनं दळण थांबवलं, डावा हात उचलून कपाळावरचे केस मागं सारले, आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून जातं ओढायला लागली.

"बघून घे गं शेवटचं," शेजारी बसलेला अन्वर म्हणाला.

मी बघितलं नाही. मोबाइल उंच धरून मी फोटो काढत होते. मागं आत्याबाई, पुढं मी आणि अन्वर, दोघांच्या दंडाला काळ्या फिती.

अकरा वर्षं झाली याला. कऱ्हाडच्या अलीकडं हायवेला लागून मौजनगरी नावाची बाग होती. आहे अजून, पण मी जात नाही. आकाशपाळणा, टोराटोरा, घसरगुंड्या हे सगळं कुठल्याही जत्रेत मिळतं. पाताळनगरी मात्र फक्त आमच्याकडं होती. लोखंडी बोटीत बसायचं, गुडघाभर पाण्यातून बोट आपोआप एका भुयारात शिरायची आणि दोन्ही बाजूंना पाताळातला संसार दिसायचा. फणा डोलवणारा शेषनाग, पाळणा हलवणारा राक्षस, दाढी करून घेणारा म्हातारा दैत्य, आणि शेवटच्या वळणावर आत्याबाई. तिला हाक मारायची पद्धत कोणी पाडली माहीत नाही. मी पाचवीत असताना पहिल्यांदा गेले तेव्हा पुढच्या बोटीतली माणसं ओरडत होती, म्हणून आम्हीही ओरडलो. तेव्हापासून प्रत्येक वेळी. ओरडल्यावर ती खरंच थांबून बघते असं वाटायचं. ती कोणी न ओरडताही दर अर्ध्या मिनिटानं तसंच करायची, हे मला नववीत कळलं. तरी मी ओरडायची सोडली नाही.

मग बाग पुण्याच्या एका पार्टीनं विकत घेतली आणि पाताळनगरीचं 'अंतराळ सफर' होणार असा बोर्ड लागला. भुयार तेच, बोटी त्याच, पण शेषनागाच्या जागी रॉकेट आणि आत्याबाईंच्या जागी हिंदीत नमस्कार करणारा रोबो. माझं डोकंच फिरलं. माझं झेरॉक्सचं दुकान, अन्वरचं फ्लेक्स छपाईचं. शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी मिळून 'पाताळवाले' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. पंधरा दिवसांत शंभरावर माणसं जमली. कोणी लग्नाआधी तिथं चोरून भेटलेलं, कोणाचं पोरगं तिथं पहिल्यांदा हसलेलं. सह्या गोळा केल्या, 'आमचं बालपण विकायचं नाही' असे फलक लावले. मी तर बागेच्या गेटवर खुर्चीवर उभी राहून भाषण ठोकलं. नवरा म्हणाला, "एवढी तळमळ तू आपल्या गळक्या टाकीसाठी दाखव की." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटच्या आठवड्यात मॅनेजरनं आम्हाला बोलावलं. दुर्गाडे त्याचं नाव, माणूस मऊ होता, हातात काही नव्हतं. आम्ही दोघं त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा लेंगा, सदऱ्याच्या बाहीवर ऑइलचे डाग, हातात लांब नळीची तेलाची झारी.

"या काका," दुर्गाडे म्हणाला. "हे शिवलिंग पेंटर. तुमची पाताळनगरी यांनीच केलेली."

मला लाज वाटली ती इथं पहिल्यांदा. पंचवीस वर्षं त्या भुयारात जात होते, भाषणं ठोकत होते, आणि हे सगळं कोणीतरी हातानं केलंय, तो माणूस याच गावात राहतो, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. पूर्वी गणपतीत मंडळांचे हलते देखावे तेच करायचे म्हणे. दर मंगळवारी बाग बंद असते, तेव्हा ते येऊन सगळ्या बाहुल्यांना तेल घालायचे. पगार कधीच बंद झाला होता, तरी यायचे.

"मला काय बी म्हणायचं न्हाई," पेंटरकाका दुर्गाडेला म्हणाले. "तुमची जागा, तुमचा धंदा. ती दळणारी बाई तेवढी मला द्या. चालती."

"चालती म्हणजे?"

"मशिनसकट. तुकडं करून न्हाई."

"घेऊन जा की. नाहीतरी सगळं भंगारातच जाणार. रविवारी शेवटचा दिवस, सोमवारी टेम्पो आणा."

मी बाहेर येऊन त्यांना गाठलं. "काका, तुम्हीच असं एक-एक मागायला लागलात तर आमच्या आंदोलनाला काय अर्थ राहिला? आपल्याला सगळं वाचवायचंय."

"तुमचं सगळं वाचू दे, ताई," ते शांतपणे म्हणाले. "न्हाईच वाचलं, तर ती तरी माझ्याकडं यावी. एवढंच."

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मी वरमले. "आत्याबाईला कोणी धक्का लावणार नाही," मी म्हटलं. "माझा शब्द."

"कोण आत्याबाई?"

"अहो, तीच. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "बरं हाय," म्हणाले.

वाचलं काहीच नाही. म्हणून त्या रविवारी ग्रुपमधले आम्ही सगळे काळ्या फिती बांधून शेवटच्या बोटींत बसलो होतो. साडेपाचला शेवटची फेरी संपली. बोटी थांबल्या आणि भुयारातले मोठे दिवे लागले. ते आम्ही कधीच लागलेले बघितले नव्हते. पाताळ केवढंसं होतं. गोणपाट, कागदाचा लगदा, सायकलच्या चेन, जुन्या साड्यांचे पडदे. शेषनागाचा फणा तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा होता. मग कोणीतरी पाण्यात उतरलं, आणि मागोमाग सगळेच उतरले.

"एक आठवण नेऊ दे," एकजण म्हणाला. आणि शेषनागाचा डोळा काढला.

पुढची वीस मिनिटं आठवली की मला अजून कसंतरी होतं. कोणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकजण रडत होता आणि प्रत्येकजण काहीतरी उपटत होता. दैत्याचा वस्तरा गेला, पाळण्यातलं राक्षसबाळ गेलं, एका बाईनं राक्षसाची अख्खी मिशी पर्समध्ये टाकली. वॉचमन शिट्ट्या मारून थकला. मी मात्र धावत जाऊन आत्याबाईंच्या पुढं हात पसरून उभी राहिले.

"हिला हात लावायचा नाही. ही काकांची आहे. ज्याला काही न्यायचंय त्यानं दुसरीकडं बघा."

आणि कोणी लावला नाही. माझ्या शब्दाला मान होता ग्रुपमध्ये. सगळे पांगायला लागले तेव्हा माझ्या मनात आलं, म्हणजे सगळ्यांना काही ना काही मिळालं आणि राखण करणारी मीच तेवढी रिकामी. मी आत्याबाईंच्या मागं डोकावले. तिथं एक आडवी सळई होती आणि तिच्यावर ओळीनं चार लाकडी चकत्या. पुढून दिसतही नव्हत्या. सगळ्यांत मोठी चकती ताटाएवढी होती, तिच्या कडा वर-खाली गेलेल्या, आणि कडेनं पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले. मला ती फार आवडली. बाईला धक्का न लावता बाईची आठवण. चकती आवळून धरणारी चावी सैल केली, सळई सरकवली, की चकती हातात आली. ओढणीखाली धरून मी बाहेर पडले. ओढणीखाली का, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आठवडाभर ग्रुपवर एकच चाललं होतं. कोणी डोळा फ्रेम केला, कोणी वस्तरा देव्हाऱ्याशेजारी ठेवला. मलाही काहीतरी करायचं होतं. दुकानाशेजारी नंदू सुतार आहे, त्याला मी म्हटलं, याचं भिंतीवरचं घड्याळ करून दे.

नंदूनं चकती उलटसुलट केली. "ताई, ह्या कडा अशा मुद्दाम केल्यात का काय?"

"मुद्दाम कशाला? जुनं लाकूड, झिजलं असेल. तू आपलं गोल कर."

"लहान होईल हां."

"होऊ दे."

त्यानं सुरेख गोल करून दिली. पॉलिश, पितळी काटे. आमच्या हॉलमध्ये लावली, फोटो ग्रुपवर टाकला. सत्तरेक जणांनी हात जोडले. मीही खूश होते, खोटं का बोलू.

महिन्याभरानं अन्वरचा फोन आला.

"वैजू, तुझ्या घड्याळाचं लाकूड कुठलं?"

"का रे?"

"मी पेंटरकाकांकडं आलोय. त्यांनी बाई बसवलीय, पण एक हात चालत नाही. म्हणतायत एक चकती गेली. ताटाएवढी, पेन्सिलीचे आकडे असलेली. तूच नेलीस ना?"

मी भिंतीकडं बघितलं. सव्वाअकरा वाजले होते. "आणते," मी म्हटलं.

फार मोठं काही झालंय असं अजून वाटत नव्हतं. चूक झाली, परत देऊ, माफी मागू. घड्याळाचं मशिन काढलं, चकती पेपरात गुंडाळली, वाटेत पाव किलो पेढेही घेतले. अन्वर कोपऱ्यावर थांबला होता. तो माझ्याबरोबर चालायला लागला.

काकांचं घर नदीपलीकडं, मागं पत्र्याची शेड. शेडच्या मधोमध चौरंगावर आत्याबाई बसल्या होत्या. मला एकदम ओळखूच आल्या नाहीत. अंगावर नवीकोरी इरकल. तोंडातले ते दोन मोठे सुळे काकांनी काढून टाकले होते आणि चेहऱ्यावरचा निळा रंगही. आता ती एक साधी बाई होती, दळायला बसलेली. मागच्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता आणि त्यात तोच चेहरा होता.

"माझी मंडळी," काका म्हणाले. "महादेवी. सात वरसं झाली जाऊन."

आम्ही पंचवीस वर्षं त्या बाईवर ओरडत होतो.

"मालक म्हणाला राक्षसीण पायजे, म्हणून सुळं लावलं. ती लई हसली हुती तवा," काका म्हणाले. "बसा की. चकती आणली न्हवं?"

त्यांनी मोटर काढून तिथं एक हँडल लावलं होतं. ते फिरवून दाखवलं. सळई फिरली, आत्याबाईंचा उजवा हात जातं ओढू लागला. जातं थांबलं, मान वर आली. डावा हात मांडीवर तसाच राहिला. मान खाली गेली.

"प्रत्येक चकतीवर एक दांडी टेकलेली असती," ते अन्वरला समजावत होते, पण ऐकत मी होते. "चकतीची कड वर आली की दांडी वर, कड उतरली की दांडी खाली. दांडीला तार, तारंला हात. कड जशी कापाल तसा हात चालतो. मान, जातं, ती सोपी कामं. ह्या हाताला मला चार दिवस लागलं. ती खरीच दळायला बसायची आन मी समोर कागद घेऊन. पीठ लागलेला हात ती केसाला लावायची न्हाई. मनगटानं सारायची. मधी जरा थांबायची. का थांबायची, ते तिलाबी म्हाईत न्हवतं. चोवीस खुणा केल्या मी. माप घेत, जरा जरा घासत, मग ते जमलं." त्यांनी हात पुढं केला. "द्या."

मी पेपर सोडला.

त्यांनी चकती हातात घेतली. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा पूर्ण. पुन्हा उलट दिशेनं फिरवला. उठून सळईवर बसवली, चावी आवळली, आणि हँडल फिरवलं. जातं थांबलं, मान वर आली. चकती फिरत राहिली. दांडी तिच्यावर टेकून गप्प पडून राहिली आणि आत्याबाईंचा डावा हात मांडीवरून हललाच नाही. जेवढं उंच होतं तेवढं सगळं नंदूनं कापून टाकलं होतं, माझ्या सांगण्यावरून.

काकांनी पाच-सहा वेळा हँडल फिरवलं. मग थांबले.

"कोणी केली गोल?"

"नंदू सुतारानं. मीच सांगितलं काका. मला वाटलं, झिजलीय."

"हात चांगला हाय त्याचा," ते म्हणाले. "कुठं कमीजास्त न्हाई."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. अन्वर म्हणाला, "काका, कापलेले तुकडे असले तर?"

"तुकडं असलं तर जुळवता येईल," काका पटकन म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवलं नाही. मी तिथूनच नंदूला फोन लावला.

"कसले तुकडे, ताई? महिना झाला की. बंबात गेले," नंदू म्हणाला.

फोनचा आवाज मोठा होता. काकांनी ऐकलं.

"फोटो आहेत आमच्याकडं," मी म्हटलं. "भरपूर आहेत, काका. ग्रुपवर दोनशे तरी असतील." मी मोबाइल काढून एकेक दाखवायला लागले. अन्वरनंही काढला. आत्याबाईंचे दोनशे फोटो होते आणि प्रत्येकात पुढं आम्ही होतो. मागं काळोखात एक निळसर ठिपका. दोन व्हिडिओ होते, त्यात आमचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं.

काका प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. शेवटी मोबाइल परत दिला.

"तुमी एवढ्या वेळा बघितलीया तिला," ते म्हणाले. "करून दाखवा की. मी माप घेतो."

त्यांनी खरंच कागद-पेन्सिल आणली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. मी मांडी घातली. उजव्या हातानं जातं ओढल्यासारखं केलं. मग डावा हात उचलून केस मागं सारले.

"न्हाई," काका म्हणाले. "तशी न्हाई."

मी पुन्हा केलं, जरा सावकाश.

"न्हाई."

"मान आधी वर यायची," अन्वर म्हणाला.

"नाही रे, हात आधी."

"मान आधी, वैजू. मला पक्कं आठवतंय."

त्यानं बसून करून दाखवलं. काका त्यालाही नाही म्हणाले. आम्ही दोघं त्या शेडमध्ये कितीतरी वेळ आळीपाळीनं केस मागं सारत होतो, आणि ते पेन्सिल धरून मान हलवत होते. कागदावर एकही खूण झाली नाही.

"काका, तुम्हीच सांगा ना कशी," मी शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"न्हाई एवढं कळतंय. कशी, ते सांगता येत न्हाई." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मी तरी कुठं बघत हुतो गेली सात वरसं? दर मंगळवारी जायचो, पण मागल्या बाजूला बसायचो, तेल घालत. म्हटलं, चालू हाय, बास."

निघताना मी चकती उचलायला गेले, तर त्यांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. तिचीच हाय," म्हणाले. पेढ्यांचा पुडा उघडून आम्हा दोघांच्या हातावर एकेक ठेवला.

त्यानंतर मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा बाहेरूनच परत आले, कारण आतून हँडल फिरवल्याचा आवाज येत होता. तीन वर्षांनी काका गेले. सुतक फिटल्यावर त्यांच्या पुतण्यानं अन्वरला बोलावलं आणि अन्वरनं मला. शेडच्या भिंतीला खिळे मारून चकत्या टांगलेल्या होत्या. लाकडाच्या, ताटाएवढ्या, प्रत्येकीची कड वेगळी, प्रत्येकीवर चोवीस आकडे आणि तारीख. आम्ही मोजल्या नाहीत. भिंत भरली होती. सळईवर मात्र माझी ती गोल चकतीच बसवलेली होती. अन्वरनं हँडलला हात लावला आणि काढून घेतला.

ग्रुप कधीच बंद पडला. लोक अंतराळ सफरीला जातात, त्यांची पोरं त्या रोबोवर ओरडतात म्हणे, आणि तीही उद्या त्याच्यासाठी काळ्या फिती बांधतील. बांधू देत. मला त्यांच्यावर हसायचा अधिकार नाही.

मी घरी भाकरी करते. पीठ लागलेल्या हातानं केस मागं सारायचे झाले की मनगट वर जातं, कपाळाशी पोचतं, आणि मी तिथंच थांबते. अशीच थांबायची का ती? की याच्या आधी? तव्यावरची भाकरी करपते. पोरगी विचारते, "आई, काय झालं?" मी पुन्हा एकदा करून बघते. नाही म्हणणारा माणूसही आता राहिला नाही.